पत्राची घडी व कातर

भोर हें पंत सचिवांचें गांव. छत्रपति राजारामांच्या काळीं शंकराजी नारायण यांजकडे सचिवपद आलें आणि ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील इतर संस्थानांबरोबर भोर मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत त्यांच्या वंशजांनीं येथें राज्य केलें. शंकराजींची समाधि येथून जवळ अंबवड्यास आहे. सचिव म्हणजेच सुरनीस. शिवराज्याभिषेकाच्या वेळचा म्हणून जो कानुजाबता प्रसिद्ध आहे त्यांत या अधिकाऱ्याचें मुख्य काम असें सांगितलें आहे, कीं राजपत्रें शोधून पाहावीं आणि त्यांतील अधिकउणें अक्षर व मजकूर शुद्ध करावा. पत्र बाहेर पडण्यापूर्वीं ज्याच्या नजरेखालून जावयाचें, त्या अधिकाऱ्याच्या घराण्याचें हें संस्थान. शेजारीं वेल्ह्याकडे राजगड. रायगडापूर्वीची राजधानी तेथें होती व थोरल्या महाराजांचीं कित्येक पत्रें तेथूनच सुटलीं. अशा मुलखांत आयुष्य काढलेल्या एका शाळामास्तरानें पत्राविषयीं चार शब्द लिहिले तर वाचक ते वावगे मानणार नाहींत, अशी आशा आहे.

मात्र मला अक्षराविषयीं कांहीं लिहावयाचें नाहीं. मायने, कालगणना, शिक्के, मोडी वळण या विषयांवर आमच्या मंडळींनीं पुष्कळ व उत्तम लिहिलें आहे. माझा प्रश्न त्याहून क्षुल्लक आहे : पत्र ज्या कागदावर लिहिलें तो कागद दुमडला कसा होता, आणि कापला कोठें होता? हा प्रश्न माझ्या मनांत कोणा पंडितानें उत्पन्न केला नाहीं. तो एका सातवींतल्या मुलीनें केला.

गेल्या संक्रांतीस राजगडाच्या पायथ्याजवळच्या एका गांवाहून मला टपालानें एक भेटपत्र आलें. धाडणारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी. बाजारांतील छापील माल तो नव्हता. एक जाड कागद मधोमध दुमडलेला. बाहेरून तिळाच्या रंगाचा, आंतून निळा. उघडतांच मध्यभागीं राजगड उभा राही. बालेकिल्ला मागें व उंच, पुढें पद्मावती माची, दोहों बाजूंस संजीवनी व सुवेळा. सुवेळा माचीवर खडकांतून आरपार पडलेलें नेढें आहे, तें गडावर गेलेल्यांस ठाऊक असेलच. मुलीनें तेंही कात्रीच्या टोकानें कोरून काढलें होतें, आणि त्या भोंकांतून मागचा निळा कागद आभाळासारखा दिसे. खालीं कागदाचाच एक खिसा करून त्यांत काटेरी हलव्याचे चार दाणे घातले होते.

यावर मी काय करावें? जें आम्ही संग्राहक नेहमीं करतों तेंच केलें. भेटपत्र पूर्ण उघडून तें सपाट व्हावें म्हणून कोशाच्या दोन जाड खंडांखालीं ठेवलें. आठ दिवसांनीं काढतों तों बालेकिल्ला मुळापासून उसवला होता, हलव्याचें पीठ झालें होतें आणि त्या पिठाचा माग काढीत मुंग्यांची रांग लागली होती. त्याच संध्याकाळीं मुलीच्या वडिलांचा दूरध्वनि आला. "गुरुजी, पत्र पोंचलं ना? पोरगी सारखी विचारते, उघडल्यावर गड उभा राहिला का म्हणून." मी म्हणालों, "राहिला हो." तें खोटें नव्हतें, पण पुरतें खरेंही नव्हतें. त्या रात्रीं मला असें वाटूं लागलें, कीं गेलीं तीस वर्षें जीं जुनीं पत्रें आपण भिजवून, दाबून, कडा छाटून, जाड कागदावर डकवून "सुरक्षित" करीत आलों, त्यांचेंही आपण असेंच कांहीं केलें नसेल ना?

संस्कृताच्या वाचकास पत्र शब्दाचा मूळ अर्थ सांगावयास नको. पत्र म्हणजे पान. शकुंतलेनें कमलिनीच्या पानावर नखांनीं पत्र लिहिलें, उर्वशीनें भूर्जपत्रावर. आणि बाणाच्या हर्षचरितांत पत्र घेऊन येणारा मेखलक डोक्याभोंवतीं पत्रें गुंडाळून येतो. परंतु आमच्या विषयाशीं अधिक जवळचा शब्द निराळाच आहे, तो पत्रच्छेद्य. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत विशेषकच्छेद्य गणलें आहे, आणि त्यावर जयमंगला टीकेचा कर्ता सांगतो, कीं भूर्ज वगैरे पानें नाना आकारांत कापून कपाळीं लावावयाचे तिलक करणें ती ही कला. तिलाच तो पत्रच्छेद्य म्हणतो. येथपर्यंत हा केवळ शृंगाराचा भाग झाला. पण कामसूत्रांतच पुढें, कन्येचें मन वळविण्याच्या प्रकरणांत, नायकानें पान कातरून जोडप्याची आकृति करावी व ती दाखवून आपला अभिप्राय सुचवावा, असें सांगितलें आहे. एक अक्षर न लिहितां कातरकामानें निरोप देण्याचा हा प्रकार आहे. ज्यांस भेटपत्र ही सर्वस्वीं पाश्चात्त्यांची देणगी वाटते त्यांनीं एवढें स्थळ अवश्य पाहावें. ही कला लोकांच्या चांगली परिचयाची असली पाहिजे. कारण मृच्छकटिकाच्या पांचव्या अंकांत वाऱ्यानें फाटलेल्या मेघांनीं भरलेलें आकाश चारुदत्तास पत्रच्छेद्यासारखें भासतें, आणि उपमान प्रेक्षकांस अपरिचित असेल तर ती उपमा फुकट जाते.

म्हणून त्या मुलीच्या भेटपत्राची वंशावळ मी थेट वात्स्यायनापर्यंत नेतों असें कोणी समजूं नये. मध्यें दीड हजार वर्षांचें अंतर आहे आणि पान व कागद यांत भेद आहे. तथापि अक्षराशिवाय कातरीनें बोलतां येतें ही समजूत आमच्याकडे नवी नव्हे, इतकें म्हणण्यास हरकत नसावी. तिची दुसरी बाजूही माझ्या पिढीनें पाहिली आहे. आमच्या लहानपणीं कोपरा फाडलेलें कार्ड दारांत पडलें म्हणजे वाचण्यापूर्वींच घरांत रडें उठे. उलट लग्नाच्या पत्रिकेस चारी कोपऱ्यांवर हळदकुंकू लावीत आणि पहिली पत्रिका गणपतीपुढें ठेवीत. म्हणजे कागदाचे कोपरे मजकुराआधीं बोलत असत. जैन संघ आपल्या आचार्यांस चातुर्मासाचें निमंत्रण देतांना जे लांबच लांब चित्रित विज्ञप्तिपत्रांचे पट धाडीत, त्यांवर हीरानंद शास्त्र्यांचा ग्रंथ १९४२ सालीं बडोद्याहून निघाला आहे. तेथेंही मजकुरापूर्वीं डोळ्यांस भेटतात तीं चित्रेंच.

आतां मराठी पत्रांकडे वळूं. शिवकालीन व पेशवेकालीन पत्र म्हणजे हातकागदाचा अरुंद लांबट बंद. एक पुरला नाहीं तर त्याच्या तळाशीं दुसरा बंद खळीनें चिकटवावा, आणि मधला कागद कोणी बदलूं नये म्हणून पाठीवर जोडावर शिक्का उठवावा. मजकूर संपला तेथें मोर्तब. तिच्याखालीं कोणी एक ओळही घुसडूं नये हा तिचा हेतु. ही सर्व व्यवस्था पाहिली म्हणजे ध्यानांत येतें, कीं त्या कारकुनांस कागदाची लबाडी अक्षराच्या लबाडीइतकीच ठाऊक होती. पत्र पुरें झालें कीं तें तळापासून वर गुंडाळीत आणावें, गुंडाळी हातानें दाबून चपटी करावी आणि वरच्या बाजूस पत्ता लिहावा. मोठ्या दरबारांत जावयाचें असेल तर सोनेरी शिडकाव्याचा कागद, मलमलीची आंतली पिशवी, किनखाबाची बाहेरची थैली आणि लोंबती मोहोर, असा खलित्याचा थाट. सामान्य पत्रास लखोटा. त्या शब्दाच्या पोटांत मला तरी लाखच दिसते. पत्र हातीं आलें म्हणजे घेणाराचा कारकून त्यावर पैवस्तीचा शेरा व तारीख घाली. हा शेरा बहुधा बाहेरच्या घडीवर असतो, आणि म्हणून तो कोठें आहे व कोणत्या दिशेनें लिहिला आहे, यावरून पत्र घेणाराच्या हातीं कोणत्या रूपांत आलें हें सांगतां येतें. असें असूनही छापील साधनग्रंथांत "पाठीवर पैवस्ती" एवढेंच बहुधा आढळतें. पाठीवर कोठें, हें संपादकास महत्त्वाचें वाटलेलें नसतें.

मलाही तें वाटलें नव्हतें. त्याची शिक्षा मला मिळाली ती येथें सांगणें भाग आहे, कारण माझ्या तोंडून निघालेलें एक विधान मला परत घ्यावयाचें आहे.

माझ्या आजोळच्या रुमालांत दोन बंदांचें एक मोडी पत्र आहे. वर्षाचा आंकडा झिजलेला आहे. पहिल्या बंदांत एका कुलकर्णाच्या वतनाविषयींची विनंति आहे, दुसऱ्यांत निम्मा हिस्सा चालविण्याची आज्ञा व शेवटीं मोर्तब. या दुसऱ्या बंदावरच आमच्या मामांच्या घराण्याचा सारा अभिमान उभा आहे. निम्मे कुलकर्ण आमचें, असें त्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगत आले. कांहीं वर्षांपूर्वीं स्नेहीमंडळींच्या बैठकींत मी तें एकच पत्र म्हणून वाचलें, व हिश्श्याचा पुरावा म्हणून त्याचा उपयोगही केला. अक्षर दोन्हीं बंदांवर सारखें दिसतें, शाई एका रंगाची, विषय एक. शंका घेण्यास जागा नव्हती.

भेटपत्राची गोष्ट कळवावी म्हणून मी त्या मुलीच्या गांवीं गेलों होतों. (खरी हकीकत सांगितली, तिनें रागावण्याऐवजीं मला गड कसा बांधावयाचा हें शिकविलें, तें पुढें येईल.) तेव्हां ती घरांतल्या कसल्याशा समारंभासाठीं पताका कातरीत बसली होती. कागद चारदां दुमडून तिनें कात्रीनें एकच त्रिकोणी चिमटा घेतला आणि विचारलें, "आजोबा, न उलगडतां सांगा, किती भोंकं पडलीं?" मी आठ म्हणालों. तिनें उलगडलें तों सोळा. आणि प्रत्येक भोंक शेजारच्या घडीच्या पलीकडे आरशांतल्या प्रतिबिंबासारखें उलटलेलें. मी तिच्यापुढें हसलों खरा, पण परततांना मोटारींत माझ्या डोळ्यांपुढें पताका नव्हती, माझ्या आजोळचें पत्र होतें. कसर लागलेला कागद म्हणजे तरी दुसरें काय? किड्यानें दुमडलेल्या कागदांतून वाट काढली, आणि आम्ही तो उलगडला. किड्याचें हें पत्रच्छेद्यच होय.

घरीं येऊन पत्र काढलें आणि फूटपट्टी व भिंग घेऊन बसलों. पहिल्या बंदावर आडव्या घड्या आहेत आणि त्यांतील अंतर वरून खालीं येतांना थोडें थोडें कमी होत जातें. वरचें सव्वा इंचाचें, तळाचें एक इंचाहूनही कमी. गुंडाळी चपटी केली असतां असेंच व्हावयाचें, कारण बाहेरच्या वेढ्यास आंतल्या सर्व वेढ्यांची जाडी ओलांडावी लागते. भोंकें वरच्या भागांत एक घडी सोडून एक अशीं आहेत व खालीं नाहींशीं होतात. अर्थ स्पष्ट आहे : किडा गुंडाळीच्या एका अंगानें शिरला आणि गाभ्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच थांबला. आतां दुसरा बंद जर आरंभापासून या पत्राचा शेवट असता, तर तो गुंडाळीचा गाभा ठरता. त्यावरील घड्या सर्वांत बारीक असावयास पाहिजेत, आणि त्यांत भोंकें नसावयास पाहिजेत. प्रत्यक्षांत त्यावर घड्या आहेत अडीच अडीच इंचांच्या, सर्व सारख्या, म्हणजे तो बंद निम्म्यानिम्म्यानें दुमडला होता. आणि भोंकें प्रत्येक घडींत, चिमटा घेतलेल्या पताकेसारखीं. जोडाच्या जागीं पाहिलें तर वरच्या कागदास पडलेलें एक भोंक खालच्या कागदास पडलेलें नाहीं. म्हणजे खळ लावली ती कसर लागून गेल्यानंतर. पाठीवर जोडाचा शिक्काही नाहीं; तो झिजला असावा अशी मीं पूर्वीं समजूत करून घेतली होती.

यावर एक आक्षेप मीच घेतों. मूळचा जोड खळ सुटून निखळला असेल, दोन बंद निरनिराळे राहिले असतील, व पुढें कोणी शहाण्यानें ते पुन्हां जोडले असतील. हें अशक्य नाहीं. तसें असेल तर पहिल्या बंदाच्या तळाशीं जुन्या खळीचा डाग निघावयास हवा. तो मला दिसला नाहीं, परंतु कडा छाटलेली असल्यामुळें त्याचा अभावही निर्णायक मानतां येत नाहीं. तेव्हां दोन बंद निराळ्या पत्रांचे आहेत असें मी म्हणत नाहीं. ते एका पत्राचे आहेत हें सिद्ध नाहीं, आणि माझें पूर्वीचें वाचन त्या मर्यादेंत मी मागें घेतों. मामांस हें सांगितलें तेव्हां ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "अरे, आमच्या वाडवडलांपेक्षां तुझा तो किडा खरा होय?" यास मजजवळ उत्तर नव्हतें. किड्यास वतन मिळवावयाचें नव्हतें, एवढेंच मनांत आलें. वडीलधाऱ्यापुढें तें बोललों नाहीं.

घडीचा असा अभ्यास परदेशांत अलीकडे शास्त्रास चढला आहे. पाकिटें प्रचारांत येण्यापूर्वीं युरोपांतही पत्र स्वतःच स्वतःचें पाकीट होत असे : कागदास चिरा पाडाव्या, त्याच कागदाची पट्टी कापून त्या चिरांतून ओवावी व लाखेनें बंद करावी, म्हणजे फाडल्याशिवाय उघडतां येऊं नये. स्कॉटलंडच्या मेरी राणीनें १५८७ च्या फेब्रुवारींत वधाच्या आदल्या रात्रीं लिहिलेलें शेवटचें पत्र अशाच पट्टीनें पुनःपुन्हां ओवून बंद केलें होतें. हॉलंडांतील ब्रिएन नांवाच्या टपालाधिकाऱ्याच्या पेटींत सतराव्या शतकांतील शेंकडों न उघडलेलीं पत्रें सांपडलीं. त्यांपैकीं १६९७ सालचें एक, घडी न मोडतां, क्ष-किरणांच्या साहाय्यानें वाचल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. जपानांत तर ओरिगामी हा शब्दच पूर्वीं आडव्या घडीच्या दस्तैवजास लावीत. तरवारीच्या अस्सलपणाचा दाखला तशा कागदावर देत असल्यामुळें "घडीच्या कागदासह" म्हणजे खात्रीचा, असा वाक्प्रचार त्या भाषेंत अजून आहे. आपण मात्र आज ओरिगामी म्हटलें कीं कागदाचा बगळा एवढेंच समजतों.

आतां त्या भेटपत्राकडे परत येतों. नाताळचें पहिलें छापील भेटपत्र लंडनांत १८४३ सालीं हेन्री कोल यानें हॉर्स्ली नामक चित्रकाराकडून करविलें, तें तेथील स्वस्त टपाल सुरू झाल्यावर तीनच वर्षांनीं. आपल्याकडे १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें. स्वस्त टपालावांचून भेटपत्र नाहीं, हा संबंध दोन्हींकडे दिसतो. परंतु आपल्याकडे त्यानें नवे सण आणले नाहींत, जुन्या सणांचीच वाट धरली : दसऱ्याचें सोनें म्हणून आपट्याचें पान चिकटवलेलें कार्ड, दिवाळीचें, आणि सर्वांत आपलें असें संक्रांतीचें. तिळगूळ हातावर द्यावयाचा असतो. ज्याचा हात दूर आहे त्यास तो कागदांत घालून धाडावा, ही गरज घडी शोधावयास लावते. म्हणून संक्रांतीच्या भेटपत्रास खिसा असतो. इतर भेटपत्रांस तो बहुधा नसतो. चिमुकल्या पाकिटांत हलव्याचे दाणे घातलेलीं छापील पत्रें पुण्यामुंबईच्या बाजारांत पुष्कळ विकलीं गेलीं, पण घरोघरच्या मुलींनीं केलेलीं कितीतरी असतील, आणि तीं कोणीं जपलीं आहेत?

तीं करण्याची रीत मी जी शिकलों ती अशी. कागद मधोमध दुमडावा; दुमडण्यापूर्वीं घडीच्या रेषेवरून बोथट सुईची पाठ एकदां दाबून ओढावी, म्हणजे घडी फाटत नाहीं. मग घडीवरच दोन समांतर काप द्यावे व त्यांमधील पट्टी उलट बाजूस, आंत ढकलावी. पत्र काटकोनांत उघडलें कीं ती पट्टी पायरीसारखी पुढें येते. तिच्या दर्शनी अंगास गडाची आकृति चिकटवावी. काप लांब तर पायरी पुढें, आंखूड तर मागें. याप्रमाणें तीन पायऱ्या केल्या तर पुढें माची व मागें बालेकिल्ला अशी खोली येते. एक नियम मात्र पाळावा लागतो : पायरीची खोली व तीवरील आकृतीची उंची मिळून पानाच्या रुंदीहून कमी असली पाहिजे, नाहींतर पत्र मिटल्यावर बालेकिल्ल्याचें टोंक बाहेर डोकावतें. हा नियम त्या मुलीस कोणी शिकविला नव्हता. दोनदां टोंक बाहेर आलें, तिसऱ्यांदा तिनें मोजलें.

कागदाचाही प्रश्न आहे. गिरणीच्या कागदास एक दिशा असते. तिला धरून घडी नीट बसते, आडवी घातली तर कागद तडकतो. हातकागद साच्यांत हालवून केलेला असल्यामुळें त्यास अशी दिशा फारशी नसते, व तो दोन्हीं बाजूंनीं जवळजवळ सारखाच दुमडतो. आपल्या जुन्या दप्तरांतील जुन्नरी व दौलताबादी कागद असाच होय. पुण्याच्या कसब्यांतील कागदीपुऱ्याचें नांवही त्याच धंद्याची साक्ष देतें. त्या कागदास खळ देऊन वर गुळगुळीत दगडानें घोटीत, म्हणून शाई पसरत नसे. पण घोटलेल्या खळीस घडीवर चिरा जातात आणि घडीवरचीं अक्षरें प्रथम उडतात. जेथें जेथें आमच्या वाचनांत "येथें अक्षरें गेलीं आहेत" असें येतें, तेथें पुष्कळदां ती ओळ घडीवर सांपडली होती, इतकाच त्याचा अर्थ असतो. गिरणीच्या कागदानें हा धंदा मारला. डार्ड हंटर या अमेरिकन अभ्यासकानें हिंदुस्थानांतील उरलेल्या कागद्यांचा वृत्तांत १९३९ सालीं ग्रंथरूपानें दिला, व पुढच्याच वर्षीं पुण्यास हातकागद संस्था स्थापन झाली. तेथल्या कागदाचीं भेटपत्रें व लखोटे पुष्कळांनीं वापरले असतील. मुलीनें वापरलेला कागद मात्र गिरणीचाच होता, आणि बालेकिल्ला उसवला तो आडव्या दिशेच्या घडीवर. दोष थोडा कागदाचाही होता, असें मी मनाचें समाधान करून घेतलें.

संग्राहक बंधूंस माझी विनंति इतकीच, कीं पत्र सपाट करण्यापूर्वीं घड्यांचीं अंतरें वरून खालीं मोजून घ्यावीं. कोणती घडी पुढें व कोणती मागें वळते तें टिपावें. भोंकें, शाईचे उलटे ठसे आणि पैवस्तीच्या शेऱ्याची जागा एका कागदावर रेखाटून ठेवावी. एका पत्रास अर्धा तास लागतो. पन्नास पत्रांचीं अशीं टिपणें एकत्र झालीं तर निरनिराळ्या दफ्तरखान्यांच्या घड्यांत भेद होता कीं काय, सचिवांकडून सुटणारें पत्र व पेशव्यांकडून सुटणारें पत्र एकाच रीतीनें दुमडीत कीं काय, हें ठरवितां येईल. आज तें ठरवितां येत नाहीं, कारण आपण सर्वांनीं मिळून पुरावा इस्त्री करून टाकला आहे. ज्यांजवळ अद्याप न उलगडलेलीं किंवा घडींत राहिलेलीं पत्रें असतील त्यांनीं तीं घाईनें उघडूं नयेत.

भेटपत्राची नोंद मी माझ्या यादींत पुढीलप्रमाणें केली आहे : एक पत्र, गिरणीचा कागद, दोन रंग, घडी मधली एक व पायऱ्यांच्या तीन, काप सहा, कोरलेलें भोंक एक, सुवेळा माचीवर, खिसा रिकामा, बालेकिल्ल्याची पट्टी उसवलेली, संग्राहकाच्या हातून. मुलीनें मागाहून नवी पट्टी कापून टपालानें धाडली. ती मी चिकटविली नाहीं. निराळ्या लखोट्यांत जुन्या पट्टीशेजारीं ठेवली आहे, आणि लखोट्याच्या बाहेरच्या घडीवर पैवस्तीची तारीख घातली आहे.